आधी वाटणी, मग विक्री
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



जमीन विकायची हौस कुणालाच नसते. कापसाने दगा दिला, ज्वारी कणसातच काळी पडली, त्यात घरात दवाखाना निघाला, की माणूस म्हणतो, एक एकर काढू आणि बाकीची वाचवू. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ती एकर सामाईक सातबाऱ्यातली असेल तर भाव का पडतो, हे आज सांगायचे आहे.

आमच्याच घरची गोष्ट. वडील आणि काकांची वाटणी तोंडी झालेली. बांध पडला, पेरणी वेगळी झाली. सातबाऱ्यावर मात्र नावे दोघांची, आणि आत्याचेही. वडिलांनी रस्त्याकडची जमीन विकायला काढली. घेणारा म्हणाला, "बांध तुमचा, कागद तिघांचा. भांडण विकत घ्यायचे तर भांडणाच्याच भावाने घेईन."

तो खोटे बोलत नव्हता. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सहहिस्सेदाराला आपला हिस्सा विकू देते. पण विकला जातो तो हिस्सा, रस्त्याकडचा तुकडा नव्हे. घेणाऱ्याला पुढे वाटणी मागत फिरावे लागते. शिवाय वारसाने एकत्र आलेल्या जमिनीत बाकीच्या वारसांना ती आधी घेण्याचा हक्क आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातला हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले.

म्हणून आधी वाटणी, मग मोजणी, मग विक्री. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. राजी नसतील तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे पिढी जाते. बहिणीला वगळून कागद करू नका. मुलीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मान्य केला. वाटणीनंतर भूमी अभिलेखकडून मोजणी करून पोटहिस्सा पाडून घ्या.

आता हिशोब. 5 एकर म्हणजे 200 गुंठे. हिस्सेदार चार, प्रत्येकी 50 गुंठे. त्यातली एकर विकली की उरतात 10. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायताचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे ठरले. तुमचे 10 गुंठे त्यात बसत नाहीत. 30 विका, 20 राखा, म्हणजे दोन्हीकडचा कागद शुद्ध राहील. हा आकडा सौदा ठरण्याआधी मांडा, बयाणा घेतल्यावर नव्हे.

शेतीशास्त्र शिकलो म्हणून आणखी एक सांगतो. वर मुरमाड, खाली काळी भारी. प्रत्येकाला दोन्ही मिळावी म्हणून आपण उताराला धरून उभे पट्टे पाडतो. मग वखर आणि तिफण उतारानेच चालतात, आणि तासातासातून पाणी माती घेऊन पळते. भावाभावांचा न्याय होतो, जमिनीचा होत नाही. बांध उताराला आडवा पडू द्या. मुरमाड घेणाऱ्याला चार गुंठे जास्त द्या, काळी घेणाऱ्याने कमी घ्यावेत. विहिरीची पाळी आणि गाडीवाट कागदावर लिहा. विकत घेणारा उद्या तुमचा शेजारी होणार आहे.

वाटणी गोडीत असताना होते, गरजेत होत नाही. सावकार दारात उभा असताना भावाची सही महाग पडते. आज घरी गेलात की सातबारा काढा आणि त्यावरची नावे मोजा. जितकी नावे असतील तितक्या जणांना या हंगामातच एका ओसरीवर बसवा.