मॉरिशस : पाठांतरापलीकडचा पाठ

(शिक्षक परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परक्या देशाचा पाठ निघाला की राजधानी, क्षेत्रफळ, मुख्य पिके अशी यादी फळ्यावर उमटते आणि मुले ती घोकतात. परीक्षा संपली की यादीही विसरली जाते. भूमी, मनुष्य आणि प्राणी यांचा परस्परसंबंध सहज दिसेल असा लहानसा देश निवडल्यास भूगोल मुलांस खरोखर समजतो. म्हणून आज मॉरिशसचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत मादागास्कर हे मोठे बेट आहे. त्याच्याही पूर्वेस, हिंदी महासागरात मॉरिशस वसले आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर व रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. राजधानी पोर्ट लुई. नाशिक विषुववृत्ताच्या जितके उत्तरेस, जवळजवळ तितकेच हे बेट दक्षिणेस आहे. त्यामुळे आपण मे महिन्याच्या उन्हाने त्रासलो असता तेथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. बेट ज्वालामुखीतून निर्माण झाले असून त्याचा खडक आपल्या सह्याद्रीप्रमाणेच काळा आहे. पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण केंद्रातून कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्यातूनच पुढे हे बेट घडले, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. १५९८ मध्ये डच आले. त्यांच्यामागून १७१५ मध्ये फ्रेंच आणि १८१० मध्ये इंग्रज आले. उसाच्या मळ्यांत प्रथम आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम राबत. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणविले. १८३४ ते १९२० या काळात असे जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुई येथे उतरले. ते ज्या पायऱ्या चढून बेटावर आले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. त्या मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांची रोजची बोली आज बहुधा क्रिओल आहे. तरीही तेथील शाळांत मराठी हा विषय शिकविला जातो आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला व १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनला.

आता तेथील प्राण्यांकडे वळू. वटवाघळांवाचून बेटावर सस्तन प्राणी नव्हते. भक्षकच नसल्याने डोडो या कबुतराच्या कुळातील मोठ्या पक्ष्यास उडण्याची गरज उरली नाही व तो जमिनीवरच अंडी घालू लागला. मग माणसे आली. त्यांच्या गलबतांतून उंदीर, डुकरे व माकडे आली. त्यांनी अंडी फस्त केली, माणसांनी जंगल तोडले. डोडोची शेवटची विश्वसनीय नोंद १६६२ ची आहे. माणसाचा सहवास त्यास एक शतकही मानवला नाही.

परंतु पाठ येथे थांबवू नये. तेथील ससाण्याची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. जंगलतोड, परके प्राणी आणि डीडीटीची फवारणी यांमुळे १९७४ मध्ये रानात केवळ चार ससाणे उरल्याचे आढळले. पुढे कार्ल जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातील पहिली अंडी काळजीपूर्वक काढून स्वतंत्रपणे उबविली. मादीने पुन्हा अंडी घातली. वाढविलेली पिले रानात सोडली व त्यांच्यासाठी लाकडी घरटी टांगली. त्यांची संख्या पुढे शेकड्यांवर गेली. गुलाबी कबुतरासही अशाच प्रयत्नांनी जीवदान मिळाले. एका लहान उपबेटावर नष्ट झालेल्या मोठ्या कासवांच्या जागी आल्डाब्रा बेटांची कासवे आणून सोडली आहेत. ती फळे खातात आणि आबनूसच्या बिया दूरवर पसरवितात. गेलेले सर्व परत आणता येत नाही. उरलेले मात्र चिकाटीने राखता येते.

वर्गात हा पाठ घेताना प्रथम नकाशावर २० अंश उत्तर व २० अंश दक्षिण या रेषांवर मुलांकडून बोट फिरवून घ्यावे. आपल्या शाळेत दुपारचे बारा वाजले असता तेथे साडेदहा का वाजतात, हे विचारावे. डोडोची अंडी उंच झाडावर असती तर काय घडले असते, यावर मुलांस बोलू द्यावे. शेवटी आपल्या शिवारातील पक्षी कोणते, ते कोठे घरटी करतात आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले कोणते पक्षी आता दिसत नाहीत, याची नोंदवही मुलांकडून करून घ्यावी.

आणखी एक सूचना. ‘डोडो’ हा शब्द मंदबुद्धीच्या अर्थाने वापरला जातो. तो पक्षी मूर्ख नव्हता. ज्या संकटाची त्यास कधी ओळखच नव्हती, ते अचानक समोर आले, इतकेच. वाडीवस्तीवरून प्रथमच शाळेत आलेले मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा त्यासही मठ्ठ ठरविण्यापूर्वी, हे सारे त्यास किती नवे आहे, याचा आपण विचार करावा. त्यास सरावण्यास थोडा अवधी द्यावा, ही आपणा सर्वांस माझी विनंती आहे.