उसन्याचे धान
(वडसा येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



धान्यकेंद्राच्या कामातून कार्यकर्त्याला काय मिळते, यावर मी बोलावे अशी आपली सूचना आहे. पुण्य मिळते असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु मी अर्थशास्त्राचा शिक्षक. जमाखर्चाच्या भाषेतच बोलतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातील मिरची तोडणीवर गेलेले आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर हाल सोसत परतले. ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला. तेव्हा आम्ही काही शेजाऱ्यांनी एका खोलीत तांदूळ, डाळ, तेल, मीठ गोळा केले. मी वही घेऊन बसलो आणि नाव, गाव, उत्पन्न असे रकाने पाडले. शिक्षकाची सवय!

एक बाई दोन दिवस दाराशी येऊन परत गेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सर, फुकटचं नको जी. उसनं द्या. धान निघालं की परत करीन."

मी 'उत्पन्न' हा रकाना खोडला. दिवाळीनंतर त्या कापणीच्या मजुरीतले पायलीभर धान घेऊन आल्या. आम्ही ते घेतले. नाकारणे हा त्यांचा अपमान ठरला असता. पुढच्या पावसाळ्यात ते दुसऱ्या घरी गेले.

या प्रसंगाने मला जे शिकविले, ते साऱ्या अध्यापनात मला उमगले नव्हते. अन्नाची टंचाई नसतानाही माणसे उपाशी मरतात, कारण अन्नावर त्यांचा अधिकार चालत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखविले. मी ते वर्गात सांगत असे. पण आपल्या धानाच्या मुलखात त्याचा अर्थ काय? जुने धान संपलेले आणि नवे शेतात उभे, अशा रोवणीच्या दिवसांत सावकाराकडून घेतलेल्या पायलीची कापणीला दीड पायली होते. याच दिवसांसाठी शासनाने १९७८ मध्ये आदिवासींकरिता खावटी कर्ज सुरू केले. त्या बाईंनी मागितलेले उसने हे भीक आणि सावकारी या दोहोंना दिलेले उत्तर होते.

काही साथी म्हणतात, धान्य वाटल्याने संघर्षाची धार बोथट होते. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. छायाचित्र काढून दिलेली पिशवी माणसाला लाचार करते. पण पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली ती ना नफा, ना तोटा या तत्त्वावर. स्वस्त, पण स्वतःच्या पैशाने जेवणाऱ्या हमालाची मान ताठ राहिली. प्रश्न अन्न द्यावे की नाही हा नसून, कोणत्या नात्याने द्यावे हा आहे.

शिवाय, हक्क कोठे अडतो हे धान्य मोजतानाच कळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. आमच्या दारी आलेल्यांत यंत्रावर अंगठा न उमटणारे म्हातारे होते. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी झालेल्या, पण सासरच्या पत्रिकेत न चढलेल्या सुना होत्या. मोर्चात त्या कधी बोलल्या नसत्या. तांदूळ पिशवीत पडताना बोलल्या. त्यांचे अर्ज आम्ही लिहिले. काही नावे चढली, काहींसाठी अजून झगडायचे आहे.

तर जमेच्या बाजूला हे मांडा: दात्याचा अहंकार गेला, पुस्तकातली भूक ओळखीची झाली आणि हक्काच्या लढ्याला नावानिशी यादी मिळाली. खर्च म्हणाल तर आठवड्याच्या दोन दुपारी.

रोवणीपूर्वी वही पुन्हा उघडायची आहे. अर्ज लिहिता येणारे दोघे हवेत. त्यांत एक तरी बाई असावी. सुना माझ्यापाशी अर्धेच बोलतात.