पैसे घ्या, पण येऊ नका

साथींनो, आम्ही काही कार्यकर्त्यांनी एक जुना अमेरिकन सिनेमा पाहिला, १९६१ चा, 'अ रेझिन इन द सन'. शिकागोतलं यंगर नावाचं काळं कुटुंब. जागा एवढीशी की पोरगं बैठकीत सोफ्यावर झोपतं. बाप राबून राबून गेला. त्याच्या विम्याचे १०,००० डॉलर आले. आईनं त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर धरलं.

लगेच वस्तीचा माणूस दारात. शिवी नाही, काठी नाही. गोड बोलतो: जास्त पैसे घ्या, पण येऊ नका. घरचे त्याला हाकलतात. मग कळतं, मुलगा वॉल्टर उरलेले पैसे भागीदारीत गमावून बसलाय. तो त्या माणसाला परत बोलावतो. पण स्वतःच्या पोरासमोर, घरच्यांसमोर त्याला ते पैसे घेववत नाहीत. सांगतो, आम्ही राहायला येणार.

ही गोष्ट लोरेन हॅन्सबेरीची. तिच्या बापाचा असाच खटला १९४० मध्ये सुप्रीम कोर्टात गेला होता. तेव्हा गोरे मालक आपसात लेखी करार करायचे, काळ्यांना घर द्यायचं नाही. १९४८ मध्ये कोर्टानं असे करार राबवायला नकार दिला. तरी घर नाकारण्यावर बंदीचा कायदा यायला १९६८ उजाडलं.

साथींनो, दारात येणारा आपल्याकडंही गोडच बोलतो. त्याला उत्तर एकट्यानं द्यायचं नाही. पोराबाळांसमोर, सगळ्यांसमोर द्यायचं.

जिंदाबाद!