भरतीचें पाणी आणि माशाचें अन्न

दोन-अडीच इंच लांबीचा, जवळजवळ पारदर्शक, आणि हातांत धरला असतां चक्क काकडीचा वास येणारा असा एक मासा कॅलिफोर्नियांत आहे. सॅक्रामेंटो व सॅन वाकीन या नद्यांचा त्रिभुज प्रदेश आणि त्यालगतची खाडी सोडली, तर जगांत इतरत्र तो निसर्गतः सांपडत नाहीं. त्याचें नांव डेल्टा स्मेल्ट. आयुष्य बहुधा एकाच वर्षाचें. तेव्हां एक वर्ष उपासाचें गेलें कीं पुढची पिढीच धोक्यांत येते. १९९३ सालीं अमेरिकन सरकारनें त्याला कायद्याचें संरक्षण दिलें, तरी त्याची संख्या घटतच गेली.

याचीं कारणें अनेक. शेतीकडे व शहरांकडे ओढून नेलें जाणारें पाणी हें त्यांतलें मोठें. पण मी आज बोलणार आहें तें त्याच्या उपासमारीविषयीं. कोंकणांत ज्याला खाजण म्हणतात, तशी भरतीच्या पाण्यानें भिजणारी लव्हाळ्यांची दलदल तेथें पूर्वीं लाखों एकर होती. १८५० नंतर शेतीसाठीं बांध घालून ती कोरडी केली. आज शेंकडा पांचांहून अधिक उरलेली नाहीं. त्या दलदलींतल्या शेवाळावर व कुजक्या पाल्यावर कणीएवढे जीव वाढत, आणि ओहोटी ते माशाच्या तोंडीं आणून देई. त्यांत १९८६ सालीं पूर्व आशियांतला एक शिंपला, बहुधा जहाजांच्या पोटांतल्या पाण्यांतून, येथें येऊन पोंचला व उरलेलें अन्न गाळून खाऊं लागला.

तर मग बांध फोडावे, हें उघड दिसतें. परंतु कोणता बांध, हा खरा प्रश्न आहे. कोरडी पडलेली तेथील काळी माती हवा लागून झिजत जाते. कांहीं बेटें समुद्रसपाटीखालीं वीस फुटांहूनही खोल गेलीं आहेत. तेथें पाणी सोडलें तर दलदल न होतां तळें होतें. फ्रँक्स ट्रॅक्टचा बांध १९३८ सालीं फुटला. तेथें अजून तळेंच आहे. उलट लिबर्टी बेटाचे बांध १९९८ च्या सुमारास फुटले, ते पुन्हां घातले नाहींत, आणि बेटाच्या उंच उत्तर टोकाला आपोआप लव्हाळीं उगवलीं. हा मासाही तेथें आढळूं लागला.

२००८ सालीं केंद्रीय मत्स्य व वन्यजीव खात्यानें पाण्याच्या उपशाला परवानगी देतांना ८,००० एकर दलदल पुन्हां निर्माण करण्याची अट घातली. ऑक्टोबर २०१९ मध्यें सुइसुन येथील टुली रेड या जागीं बांध फोडून सुमारें ४०० एकरांत भरती आंत घेतली. अन्न दलदलींत पिकतें, हें खरें. पण बाहेर खाडींत तें कितीसें पोंचतें, कीं वाटेंतच शिंपले तें फस्त करतात, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मला वाटतें, माशालाच आंत येतां येईल अशी वाट ठेवणें अधिक शहाणपणाचें. डिसेंबर २०२१ पासून संवर्धनगृहांत वाढविलेले मासे प्रयोगादाखल नदींत सोडले जात आहेत. त्यांच्या पोटांत काय सांपडतें, तें आतां पाहावयाचें आहे.