पाने किती उघडली, पैसे किती आले

(नभोवाणीवरून झालेले भाषण)



गेल्या श्रावणातील एका रविवारी दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बेळगावात यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो नोकरीस आहे. शाळेत असताना त्याचे गणित बरे होते आणि भूगोल त्याहून चांगला होता. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला व म्हणाला, "सर, एवढा हिशेब तपासून द्या. बरोबर असेल तर नोकरी सोडावी म्हणतो."

आंबोली, चोर्ला घाट, दूधसागर या बाजूचे धबधबे, तिकडचे रस्ते व राहण्याजेवण्याच्या सोयी यांची माहिती देणारे एक संकेतस्थळ, म्हणजे आपण सारे जिला वेबसाइट म्हणतो ती, विकावयाची होती. किंमत चार लाख रुपये. जुलै महिन्यात त्या स्थळाची पाने १,२०,००० वेळा उघडली गेली होती. दर हजार वेळांमागे जाहिरातींचे दीडशे रुपये मिळतात, असे विकणाऱ्याचे म्हणणे होते. म्हणजे महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,००० रुपये. दोन वर्षांच्या आत मुद्दल वसूल, पुढे सारा नफा! चार लाखांपैकी दीड लाख त्याच्या शिलकेत होते. उरलेले अडीच लाख आईचे दागिने गहाण ठेवून उभे करावयाचे, असे मायलेकांनी ठरविले होते.

मी गुणाकार तपासला. तो अगदी बिनचूक होता, आणि तेथेच माझी पंचाईत झाली. वर्गात आम्ही आकडे देतो व रीत तपासतो. ते आकडे आले कोठून, हे विचारण्याची सवय ना विद्यार्थ्याला लागते, ना शिक्षकाला.

वर्तमानपत्राच्या वाचकांना जाहिरातीचा व्यवहार अपरिचित नाही. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही पुरता निघत नाही. तो जाहिरातीवर निघतो. परंतु वर्तमानपत्र जागा विकते. अमुक सेंटिमीटर उंचीची, अमुक स्तंभांची जागा घेतली की तिचे पैसे द्यावयाचे. मग वाचकाने ती जाहिरात वाचो वा पानावर पोहे ठेवून खावोत. संकेतस्थळावर जागा अशी विकली जात नाही. तुम्ही पान उघडता त्याच क्षणी, पापणी लवण्याच्या आत, तुम्हांला कोणाची जाहिरात दाखवावयाची याचा लिलाव यंत्रे परस्पर करून टाकतात. जो अधिक बोली लावील त्याची जाहिरात तुमच्यापुढे येते. त्यामुळे एकाच पानाचा भाव दोन वाचकांसाठी निरनिराळा असतो. कर्ज, विमा, औषधोपचार अशा विषयांवर बोली चढते, कारण तेथे एक गिऱ्हाईक मिळाले तर जाहिरातदाराला पुष्कळ मिळावयाचे असते. धबधबा पाहावयास येणारा मनुष्य फार तर एक रात्र मुक्काम करतो.

हे भाव दर हजारी सांगण्याची रीत आहे. इंग्रजी संज्ञेतील सी.पी.एम. या अक्षरांपैकी शेवटचे अक्षर लॅटिनमधल्या 'मिले', म्हणजे सहस्र, या शब्दाचे आहे. परंतु हजार कशाचे? निम्मी फसगत या एका प्रश्नापाशी होते. हजार माणसे, हजार पाने आणि हजार जाहिराती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मनुष्य तीन पाने उघडील. एका पानावर तीन जाहिराती असतील. त्यांपैकी तिसरी पानाच्या तळाशी असेल आणि तेथवर तो जाणारच नाही. जाहिरातीचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर राहिला तरच ती दिसली असे समजावे, असा संकेत २०१४ पासून या व्यवसायात मानला जातो. जाहिरातदार जो दर बोलतो तो जाहिरातींचा. स्थळाचा मालक जो सांगतो तो बहुधा पानांचा. आणि विकत घेणारा मनात जो धरतो तो माणसांचा!

मी त्याला म्हटले, "अरे, दीडशे रुपये मिळतात हे विकणाऱ्याचे वाक्य आहे. आपण देणाऱ्याच्या बाजूने जाऊन पाहू." आणि आम्ही दोघांनी नवा कागद घेतला.

समजा, आंबोलीला आठ खोल्यांचे निवास चालविणारे एक गृहस्थ आहेत. एका मुक्कामामागे सर्व खर्च वजा जाता त्यांना १,००० रुपये सुटतात. त्यांतील निम्मे, म्हणजे ५००, ते जाहिरातीवर घालावयास तयार आहेत. त्यांच्या जाहिरातीवर टिचकी मारणाऱ्या दोनशे जणांपैकी एकाने खोली घेतली असे धरले, तर एका टिचकीला ते अडीच रुपयांहून अधिक देऊ शकत नाहीत; दिले तर बुडतील. आता जाहिरात शंभरदा दिसली तर एकदा तिच्यावर टिचकी पडते असे धरू. हजार दर्शनांत दहा टिचक्या, त्यांचे झाले पंचवीस रुपये. ही सारी आमची गृहीते होती. तुम्ही ती बदलून पाहावीत; परंतु बदलताना त्या निवासवाल्या गृहस्थांच्या खिशाकडे पाहून बदलावीत, स्वतःच्या गरजेकडे पाहून नव्हे.

येथे मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. पानावर तीन जाहिराती, म्हणून मी सरळ पंचवीस गुणिले तीन करून पंचाहत्तर रुपये लिहिले. ते माझ्या विद्यार्थ्यानेच खोडले. तिन्ही जाहिराती दिसत नाहीत, सरासरी दोन धराव्यात, हे एक. आणि मध्यस्थाचा वाटा मी वजाच केला नव्हता, हे दुसरे. गूगलच्या ॲडसेन्स या योजनेत, जाहिरातदार गूगलमार्फतच आलेला असेल तर, त्याच्या शंभर रुपयांतील सुमारे अडुसष्ट स्थळाच्या मालकाला मिळतात. २०२४ पासून मोबदला टिचकीऐवजी दर्शनावर मोजण्यात येऊ लागला, पण त्याने निवासवाल्यांची थैली मोठी झाली नाही. पंचविसांचे अडुसष्ट टक्के सतरा. दोन जाहिरातींचे चौतीस. हजार पानांमागे चौतीस रुपये.

"तुला हे वाट्याचे कसे ठाऊक?" असे मी विचारले, तेव्हा तो जरा ओशाळला. त्याचे स्वतःचेही किल्ल्यांविषयीचे एक लहानसे मराठी संकेतस्थळ आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. मराठी पानांवर या योजनेच्या जाहिराती घेण्याची सोय २०१८ साली झाली. त्यानंतर काही वर्षांनी त्याने ते सुरू केले. खात्यावर शंभर डॉलर साचल्याखेरीज पैसे हाती येत नाहीत. चौदा महिन्यांत त्याचे शंभर डॉलर एकदाच भरले होते. हजार पानांमागे त्याला सरासरी एकोणतीस रुपये पडले होते.

चौदा महिन्यांचा, स्वतःच्या हातचा, खरा आकडा त्याच्यापाशी होता. आणि परक्याच्या दीडशेवर विश्वासून तो आईचे दागिने गहाण ठेवावयास निघाला होता! मी तसे बोललो. तो म्हणाला, "सर, माझे मराठीत आहे. ते इंग्रजीत आहे. पुण्या-बंगळूरचे लोक वाचतात." हे म्हणणे रास्त होते. इंग्रजी पानांना बोली लावणारे अधिक असतात. म्हणून आम्ही एक आकडा न धरता दोन धरले: खालचा चौतीस, वरचा साठ. साठाला माझ्याकडे पुरावा नव्हता, हेही मी कागदावर लिहून ठेवले. ज्या अंदाजाला दोन टोके नाहीत त्याला मी अंदाज म्हणत नाही.

इतक्यात चहा घेऊन माझी पत्नी आली. कागदावर नजर टाकून ती म्हणाली, "पावसात आंबोलीला मुंगीला शिरायला जागा नसते, खरे. पण एप्रिलमध्ये तिकडे धबधबा पाहायला कोण जाते?" आम्ही दोघेही जुलैला बाराने गुणून बसलो होतो. विकणाऱ्याने जुलैच का दाखविला, याचा उलगडा गणिताच्या शिक्षकाला झाला नाही, तो चहाच्या ट्रेमागून झाला. पावसाळ्याचे चार महिने १,२०,००० व उरलेले आठ महिने १५,००० धरले, तर वर्षाची पाने होतात सहा लाख; कागदावर होती चौदा लाख चाळीस हजार. त्यात आणखी एक विसंगती: वाचक येतात पावसाळ्यात, आणि जाहिरातदार खर्च करतात दसरा-दिवाळीला.

सहा लाख पाने, म्हणजे सहाशे हजार. चौतिसाने २०,४०० रुपये, साठाने ३६,०००. हे वर्षाचे बरे का, महिन्याचे नव्हे. स्थळाच्या नावाचे व जागेचे वार्षिक भाडे यातूनच जावयाचे. चार लाख वसूल व्हावयास एका टोकाला अकरा वर्षे, दुसऱ्या टोकाला जवळजवळ वीस. दागिन्यांवरचे व्याज निराळे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, संकेतस्थळाची किंमत सांगणारी स्थळे असतात, त्यांनीही मोठाच आकडा दाखविला." अशी स्थळे आहेत, नाव घातले की उत्पन्न सांगतात. त्यांतील पुष्कळशी एके काळी ॲलेक्सा या संस्थेच्या क्रमवारीवर विसंबून असत. ती क्रमवारी प्रामुख्याने विशिष्ट साधन आपल्या संगणकात बसवून घेतलेल्या लोकांच्या वाचनावरून निघे. मोठ्या स्थळांना ती एक वेळ लागू पडे, लहानांच्या बाबतीत तो केवळ तर्क असे. १ मे २०२२ रोजी ती सेवाही बंद झाली. जुने आकडे आणि जुन्या कथा मात्र फिरत राहतात. १९९४ च्या ऑक्टोबरात हॉटवायर्ड या अमेरिकन स्थळावर पहिली पट्टीची जाहिरात लागली, तेव्हा पाहणाऱ्या शंभरांपैकी चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर टिचकी मारली असे सांगतात. तेव्हा ते नवल होते. आज आपण सारे जाहिरातीवरून नजर फिरवावयास शिकलो आहोत, आणि कित्येकांनी ती दिसूच नये अशी साधनेही बसविली आहेत.

आणखी दोन गोष्टी मी त्याला सांगितल्या. ॲडसेन्सचे खाते दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. स्थळ विकत घेतले तरी नव्या मालकाला स्वतःच्या खात्यातून मंजुरी मिळवावी लागते. दुसरी गोष्ट त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होती. त्या स्थळाचे बहुतेक वाचक गूगलवर शोध घेऊन येत. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल कित्येक प्रश्नांची यंत्राने लिहिलेली उत्तरे शोधाच्या माथ्यावरच देऊ लागले आहे. "चोर्ला घाटात कोणता धबधबा आहे" याचे उत्तर तेथेच मिळाले, तर पान उघडावयाचे कोणी?

शेवटी त्याने विकणाऱ्याकडे बारा महिन्यांचे उतारे मागावे, आणि तेही छायाचित्रांच्या रूपाने नव्हे, तर आपल्यासमक्ष खाते उघडून पाहावेत, असे ठरले. आधी चित्रेच आली, तीही जून आणि जुलैची. पुन्हा मागितल्यावर दुसरे गिऱ्हाईक आले आहे असा निरोप आला. माझ्या विद्यार्थ्याने तरीही साठ हजार रुपये देऊ केले. आमच्या हिशेबाने तेवढीच त्याची किंमत होत होती. उत्तर अद्याप आलेले नाही. दागिने कपाटातच आहेत, नोकरी चालू आहे. त्याला याचा आनंद झाला असे मी म्हणणार नाही. कित्येक दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही.

मागील महिन्यात आला तो निराळाच कागद घेऊन. आंबोलीच्या दोन घरगुती निवासवाल्यांची नावे, खोल्या व दर त्याने आपल्या किल्ल्यांच्या स्थळावर घातले आणि त्यांनी वर्षाचे दीड-दीड हजार रुपये त्याच्या हातात दिले. लिलाव नाही, मध्यस्थ नाही. तीन हजार रुपये मिळावयास त्याच्या दराने लाखाहून अधिक पाने उघडली जावी लागली असती. येत्या रविवारी चोर्ल्याकडच्या आणखी एका निवासवाल्याला भेटावयास तो जाणार आहे. जाण्यायेण्याचे पेट्रोल या वेळी त्याने न सांगता खर्चात धरले आहे.