जुन्या जीपचे झिजलेले बॉल जॉइंट घरीच कसे बदलावेत?



आज बियाणे, खते किंवा फवारणीविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपविषयी. सीजे ३बी म्हणा, ५४० म्हणा, चारही चाकांना जोर असलेली ही गाडी अजून पुष्कळ गावांत दूध, भाजी, खताची पोती आणि घरची माणसे वाहते. इंजिन कुरकुरले की आपण लगेच मिस्त्री गाठतो. स्टेअरिंग ढिले झाले तर मात्र "चालतंय की" म्हणून सोडून देतो. खरा धोका तिथेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी पीक प्रात्यक्षिकाला जात होतो. वाटेत कांद्याने भरलेली जीप चारीत कलंडलेली दिसली. उजवे चाक एकीकडे, डावे दुसरीकडे. टाय रॉडचा बॉल जॉइंट निखळला होता. गाडी हळू होती म्हणून माणसे वाचली. मालक म्हणाले, "साहेब, दोन महिन्यांपासून खडखड येत होती. कांदा काढणीच्या गडबडीत बघू म्हटलं." हाच निखळ घाटात झाला असता तर?

बॉल जॉइंट म्हणजे काय?

स्टेअरिंग फिरवले की आडव्या सळ्या पुढची चाके वळवतात. ह्या सळ्यांना टाय रॉड म्हणतात. सळईच्या टोकाला वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो, तो बॉल जॉइंट. जुन्या सीजे ३बी ढाच्याच्या जीपमध्ये मधल्या बेलक्रँकपासून दोन्ही चाकांकडे दोन सळ्या जातात, म्हणजे टोके चार. काही मॉडेलांत रचना थोडी वेगळी असते. वरचे रबर फाटले की आत चिखलपाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळा व वाटी एकमेकांना खातात.

दोष कसा ओळखावा?

गाडी जमिनीवर उभी असू द्या. घरच्या कोणाला तरी स्टेअरिंग थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवा. सळई हलते पण चाकाचा हात मागाहून हलतो, असे वाटले तर जॉइंट गेला. टायर एका कडेने झिजणे, खड्ड्यानंतर स्टेअरिंग थरथरणे, ह्याही खुणा आहेत.

मग पुढचे चाक जॅकवर उचला व वर-खाली धरून हलवा. चाक हलले तर ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबली तर किंगपिनच्या बेअरिंगचा संशय घ्या. ते काम मिस्त्रीचे. टाय रॉडचे टोक मात्र आपण बदलू शकतो.

कामाला सुरुवात

जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हातब्रेक ओढा, पुढच्या चाकांचा जोर काढून ठेवा. जॅकने आस उचलून दोन्ही बाजूंना घोडे किंवा भक्कम लाकडी ओंडके द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. विटा तर लावूच नका, त्या दगा देतात.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर व आट्यांवर डिझेल सोडून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशाने साफ करा. आता सर्वात महत्त्वाचे: सळईच्या टोकापासून जॉइंटच्या मधापर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहा.

स्प्लिट पिन सरळ करून काढा. खाचांचा नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर राहू द्या. जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि चाकाच्या हातात घट्ट रुतलेला असतो. दांड्याच्या टोकावर घाव घालू नका, आटे बिघडतात. ज्या डोळ्यात दांडा बसला आहे त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने कडक ठोका द्या. दोन-चार ठोक्यांत दांडा सुटतो. नाहीच सुटला तर मिस्त्रीकडून पुलर आणा. गॅसच्या ज्योतीने तापवू नका, पोलादाचे पाणी उतरते.

मग सळईवरची पट्टी ढिली करा आणि जॉइंट फिरवून काढा. किती फेरे झाले ते मोजा. लक्षात ठेवा, साधारणपणे सळईच्या एका टोकाला सरळ आटे व दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. जोर लावूनही फिरत नसेल तर आधी उलट दिशेने बघा. दुकानात जाताना जुना जॉइंट बरोबर न्या. आटे, दांड्याची जाडी व निमुळतेपणा जुळवूनच नवा घ्या.

नवा जॉइंट बसवताना

मोजले होते तेवढेच फेरे देऊन जॉइंट बसवा व लिहिलेले माप पडताळा. चाकाच्या हाताचा डोळा कोरडा पुसून घ्या, तिथे ग्रीस लावू नका. डोळा लांबट झाला असेल तर पत्रा कोंबून भागवू नका, तो हातच बदला. नट घट्ट आवळा. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून पुढची खाच जुळवा, मागे ढिला करू नका.

स्प्लिट पिन नेहमी नवी घाला व तिचे दोन्ही पाय वाकवा. खिळा किंवा तार चालणार नाही. बैलगाडीच्या आसाची कुणी निसटली की चाक निखळते, तशीच ही पिन. दिसायला छोटी, पण सारा भार तिच्यावर. नंतर पट्टीचा बोल्ट आवळा आणि ग्रीस निपल असेल तर रबर किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरा.

चाकांची जुळणी

हे राहिले तर नवे टायर थोड्याच दिवसांत खराब होतील. प्रत्येक पुढचे चाक अधांतरी फिरवून टायरच्या मध्यावर खिळ्याने एक रेघ ओढा. चाके सरळ ठेवून गाडी खाली उतरवा व थोडी पुढे ढकला. मग तुंब्याच्या उंचीला पुढच्या बाजूने दोन रेघांतील अंतर मोजा. त्याच ठिकाणी खडूची खूण करून गाडी अर्धा फेरा पुढे ढकला आणि त्याच खुणांवर मागून मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा साधारण १ ते अडीच मिलिमीटर कमी असावे. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. फरक असेल तर पट्टी ढिली करून सळई थोडी फिरवा, पुन्हा मोजा, आणि शेवटी पट्टी आवळायला विसरू नका.

स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून काही अडकत नाही ना, ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे पाहा. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, हळू आणि आपल्याच रानात मारा. ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा आणि तालुक्याला गेलात की अलाइनमेंट करून घ्या.

काय करू नये?

झिजलेला जॉइंट वेल्डिंगने भरू नका, ठोकून आवळू नका. ज्या नव्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांच्या सस्पेन्शनच्या बॉल जॉइंटवर दाबलेल्या स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा जोर असतो. ते काम घरी करू नका, जीव जाऊ शकतो.

मंडळी, हे काम एका सकाळचे आहे. पेरणीची घाई सुरू होण्याआधी, मे महिन्यातच करा. पावसाळ्यात चिखलातून गाडी गेली की ग्रीस द्या, रबर पाहा. पूर्वी आपल्या वाडवडिलांनी चाकाला वंगण घातल्याशिवाय बैलगाडी बाजाराला काढली नाही. जीपमध्ये तर आपली लेकरेबाळे बसतात. आज घरी गेल्यावर एवढेच करा: कोणाला तरी स्टेअरिंग हलवायला सांगा आणि जॉइंटवर बोट ठेवा.