रक्ततपासणीनंतरचे दोन प्रश्न
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आरोग्य प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने माहिती अधिकारी. रोगनिदानाचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. परंतु गावात रक्ततपासणीचे शिबिर झाले की दुसऱ्या दिवशी लोक प्रथम येतात ते गुरुजींकडे आणि सरपंचांकडे, हे आपण सारे जाणतो. कोणी हातावरचा काळानिळा डाग दाखवितो, तर कोणी अहवालाचा कागद पुढे करून ठळक अक्षरांतल्या आकड्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "गुरुजी, हे काय निघाले?" या दोन प्रश्नांपुरतेच मी आज बोलणार आहे.

प्रथम डागाविषयी. शिरेत सुई घातली की शिरेला बारीकसे छिद्र पडते. ते बुजेपर्यंत थोडे रक्त कातडीखाली झिरपले तर तेथेच साकळते. आधी जांभळट दिसणारा डाग पुढे हिरवट, मग पिवळसर होत एक-दोन आठवड्यांत नाहीसा होतो. साकळलेल्या रक्तातील तांबडे द्रव्य शरीर मोडून काढीत असते, त्याची ही खूण. "अंगातले सगळे रक्त काढून नेले" अशी आवई उठते, तिचाही येथेच समाचार घ्यावा. एका नळीत फार तर चमचाभर रक्त जाते. प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे ५ लिटर असते.

सुई निघताच कापसाचा बोळा ठेवून, हात सरळ राखून, तीन ते पाच मिनिटे घट्ट दाबून धरावे. आपल्याकडे हात कोपरात दुमडून बसण्याची चाल आहे, ती सोडावी. त्याने नीट दाब बसत नाही आणि हात उलगडताच रक्त पुन्हा झिरपू शकते. त्या हाताने त्या दिवशी भरलेली कळशी वा पोते उचलू नये. तेल लावून चोळू नये. थंड पाण्याची घडी पुरे. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी सुई टोचण्यापूर्वीच तसे सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. सूज वाढत चालली, बोटांना मुंग्या वा बधिरता आली, जागा लाल होऊन ताप आला, किंवा सुई टोचलीच नाही अशा ठिकाणी डाग उठले, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

आता अहवालाविषयी. खरी घबराट येथे आहे. आकड्यासमोर जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती बहुधा निरोगी माणसांचे रक्त तपासून आणि त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे घेऊन ठरवितात. म्हणजे शंभर निरोगी माणसांत पाचजण मर्यादेबाहेर राहणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याचा संभव ६४ टक्के असतो. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून पाहावे. सवलतीच्या दरातील 'संपूर्ण तपासणी'ला भुलणाऱ्यांच्या हाती काळजीचा कागद का पडतो, हे त्यावरून उमगेल.

दुसरे कारण नमुन्याचे. रक्त नळीत गेल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर वापरीत राहतात. नमुना तसाच पडून राहिला तर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटू शकते. म्हणून तिच्यासाठी राखाडी बुचाची वेगळी नळी असते. रक्त ओढताना किंवा नळी जोराने हलल्याने तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम वाढल्याचे खोटेच दिसते. काहींच्या प्लेटलेट नळीतील द्रव्यामुळे एकमेकींना चिकटतात, यंत्राला ते पुंजके मोजता येत नाहीत, आणि डेंग्यूच्या दिवसांत घर हादरते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की उलगडा होतो. अर्थात ताप असताना हा आकडा खोटाच असेल, असे कोणी घरी बसून ठरवू नये.

उलट बाजूही आहे. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक निघाली आणि त्रास काहीच नसला, तर दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करावयाची असते. पण "मला काही होत नाही" म्हणून कित्येकजण तिकडे फिरकतच नाहीत. हिमोग्लोबिनचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांतील कितीतरीजणी थकव्याला कामाचा शीण समजून चालतात. त्यांच्या दृष्टीने १२ ग्रॅमच्या खालचा आकडा अनपेक्षितच असतो, आणि तो खराही असतो.

शेवटचा विषय नाजूक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार जुना आहे. शिबिरातील विद्राव्यता चाचणी 'होकारार्थी' आली की मुलीचे लग्न मोडले म्हणून घरे रडू लागतात. ही चाचणी वाहकाच्या आणि रुग्णाच्या, दोघांच्याही रक्तात होकारार्थी येते. फरक पुढील तपासणीत कळतो. वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक. म्हणून विवाहापूर्वी दोन्ही बाजूंनी तपासणी करून समुपदेशकाशी बोलावे. पंचायत सदस्यांना माझी विनंती एवढीच, की ग्रामसभेत किती जणांची तपासणी झाली हे अवश्य सांगावे; नावांची यादी मात्र चावडीवर वाचू नये, फलकावरही लावू नये. अहवाल ज्याचा त्याच्या हाती, आरोग्यसेविकेच्या समक्ष द्यावा.